गॅरेजमधले मतदान केंद्र

१५ फेब्रुवारी २०२२, मंगळवार. सकाळी सहा वाजता मी सॅन फ्रान्सिस्कोच्या सनसेट भागातील एका घराच्या गॅरेजसमोर उभी होते. समुद्राकडून आलेले धुके अजून रस्त्यावरून हटले नव्हते. घरमालकाने मोटार बाहेर काढून जागा झाडून ठेवली होती, आणि तासाभरात तेथे मतदान केंद्र उभे करायचे होते. या शहरात शाळा, चर्च आणि वाचनालयांप्रमाणेच लोकांच्या घरांची गॅरेजेसही मतदानासाठी वापरली जातात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला विश्वास बसला नव्हता. माझे वडील सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि निवडणुकीच्या कामावर जाताना त्यांच्यासोबत मतपेट्या, पोलीस आणि पक्क्या शाईची बाटली असे. इथे शाई नव्हती, पोलीसही नव्हता. पुठ्ठ्याचे कक्ष, मतपत्रिका वाचणारे एक यंत्र, मतदारांची यादी आणि आम्ही चौघे, एवढाच सारा सरंजाम होता.

आमच्यात एक निवृत्त बाई केंद्रप्रमुख होत्या. कँटोनीज ही चिनी भाषा बोलणारी अकरावीतील एक मुलगी होती, कारण कॅलिफोर्नियात सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यांनाही हे काम करता येते. एक गृहस्थ अनेक निवडणुकांचे अनुभवी होते. चौथी मी, ग्रीन कार्डावर राहणारी, अमेरिकेची नागरिक नसलेली. राज्याचा कायदा कायम रहिवाशांना केंद्रावर काम करू देतो; मात्र त्यांना केंद्रप्रमुख होता येत नाही आणि मते मोजता येत नाहीत. या दोन अटी मी प्रशिक्षणात ऐकल्या तेव्हा त्यांचे मला काही वाटले नव्हते. त्या दिवशी संध्याकाळी मात्र त्या पुन्हा आठवल्या.

मतदान कशासाठी होते, ते आधी सांगायला हवे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सर्व सरकारी शाळांचा कारभार सात जणांचे एक निवडून आलेले शिक्षण मंडळ पाहते. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावेत असे ठरवले आहे. पण ती समिती एका शाळेपुरती असते. इथले मंडळ पन्नास हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांचे, अब्जाहून अधिक डॉलरच्या अंदाजपत्रकाचे आणि साऱ्या शहराच्या प्रवेशधोरणाचे निर्णय घेते. त्यांपैकी ॲलिसन कॉलिन्स, गॅब्रिएला लोपेझ आणि फाआउगा मोलिगा या तीन सदस्यांना मुदतीपूर्वी पदावरून परत बोलवावे की नाही, हे मतदारांना विचारले होते. उरलेले चौघे नोव्हेंबर २०२० मध्ये निवडून आलेले होते. मोहीम सुरू झाली तेव्हा त्यांना पदावर पुरेसे दिवस झाले नव्हते, म्हणून नियमाने ते या प्रश्नाबाहेर राहिले. हा प्रश्न मतपत्रिकेवर आणण्यासाठी प्रत्येक सदस्यामागे ५१,३२५ सह्या लागत होत्या. मोहिमेने प्रत्येकी ऐंशी हजारांच्या आसपास सह्या जमवल्या. ती सुरू करणाऱ्या दोन पालकांपैकी एक, सिवा राज, भारतातून आलेले आहेत. या शहरात कोणाला परत बोलावण्याचे मतदान १९८३ नंतर झालेच नव्हते. तेव्हा महापौर डायॲन फाइनस्टाइन यांच्याविरुद्ध ते झाले होते आणि त्या भरघोस मतांनी टिकल्या होत्या.

लोक का चिडले होते, याची उत्तरे त्या दिवशी रांगेत हलक्या आवाजात ऐकू येत होती, जरी केंद्रावर प्रचार करायला मनाई असली आणि आम्हाला मधूनमधून तशी आठवण करून द्यावी लागत असली तरी. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळांत लहान मुले एप्रिल २०२१ मध्ये परतू लागली आणि मोठ्या वर्गांतील बहुतेकांना ऑगस्टपर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात खुद्द शहराने शाळा उघडाव्यात म्हणून मंडळावर दावा लावला होता. शाळा बंद असतानाच, जानेवारी २०२१ मध्ये, मंडळाने ४४ शाळांची नावे बदलण्याचा ठराव केला. त्यांत लिंकन आणि वॉशिंग्टन यांची नावे होती. एप्रिलमध्ये तो ठराव मागे घ्यावा लागला. लोवेल या नामांकित शाळेतील गुणवत्तेवरचा प्रवेश बंद करून सोडत पद्धत आणली गेली आणि चिनी कुटुंबांना ते फार लागले. त्यानंतर कॉलिन्स यांनी २०१६ साली आशियाई अमेरिकनांबद्दल लिहिलेली ट्विट्स बाहेर आली, त्यांचे उपाध्यक्षपद गेले आणि त्यांनी मंडळावर व सहकाऱ्यांवर ८.७ कोटी डॉलरचा दावा लावला, जो न्यायालयाने फेटाळला. अंदाजपत्रकात सुमारे १२.५ कोटी डॉलरची तूट होती ती वेगळीच. दुसरी बाजूही होती आणि तीही त्या गॅरेजमध्ये आली. या सदस्यांनी दुर्लक्षित मुलांचा विचार केला, महामारीत कोणीही काम केले असते तरी लोक नाराजच झाले असते, आणि पुढच्या नोव्हेंबरात नियमित निवडणूक असताना आताच हा खर्च कशाला, असे मानणारे शेजारीही आमच्याच रांगेत उभे होते.

सकाळी सात ते रात्री आठ एवढी मतदानाची वेळ होती. नोंदणी असलेल्या प्रत्येकाला घरी टपालाने मतपत्रिका गेलेली असल्यामुळे बहुतेक जण घरीच खुणा करून, पाकिटावर सही करून ते फक्त पेटीत टाकायला येत होते. तोंडावर मास्क सर्वांच्या होते. लसीकरण झालेल्यांसाठी बंद जागेतील मास्कची सक्ती दुसऱ्याच दिवसापासून उठणार होती. प्रत्यक्ष कक्षात जाऊन मत देणारे थोडे होते आणि मला त्यांच्याकडूनच जास्त शिकायला मिळाले. मतपत्रिकेवर तीन सदस्यांची नावे तीन स्वतंत्र प्रश्नांत होती आणि प्रत्येकापुढे होय किंवा नाही एवढेच निवडायचे होते. मला वाटले होते की लोक रागाने येतील, तीन खुणा करतील आणि निघून जातील. काहींनी तसे केलेही. परंतु एक वयस्क गृहस्थ वाचनाचा चष्मा लावून कक्षात पंधरा मिनिटे उभे राहिले आणि बाहेर येऊन त्यांनी केंद्रप्रमुखांना विचारले, की दोन प्रश्नांची उत्तरे देऊन तिसरा कोरा ठेवला तर मतपत्रिका बाद होते का. होत नाही, असे त्यांना सांगितले, आणि ते समाधानाने यंत्राकडे गेले.

हा प्रश्न दिवसभरात आणखी तिघांनी विचारला. ते कोणाविषयी विचार करत होते हे मला माहीत नाही आणि विचारण्याचा मला अधिकारही नव्हता. पण अंतिम आकडे आले तेव्हा मला ती माणसे आठवली. कॉलिन्स यांच्या विरोधात सुमारे ७६ टक्के, लोपेझ यांच्या विरोधात सुमारे ७२ टक्के आणि मोलिगा यांच्या विरोधात सुमारे ६९ टक्के मते पडली. तिघेही गेले, हीच बातमी सगळीकडे झाली. मला मात्र त्या ७६ आणि ६९ मधले अंतर महत्त्वाचे वाटते. एकाच दिवशी, एकाच कागदावर, एकाच रागाच्या लाटेत हजारो मतदारांनी एका सदस्याला नाकारले आणि दुसऱ्याला राहू द्यावे असे ठरवले. जमावाने तिघांना सरसकट हाकलले असे ज्यांनी लिहिले, त्यांनी हे अंतर पाहिले नाही असे माझे मत आहे.

आता त्या दिवसाच्या ज्या भागासाठी हे लिहायला घेतले, त्याकडे येते. २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी एक प्रस्ताव मंजूर केला. शहरात राहणाऱ्या, एकोणीस वर्षांखालील मुलाचे पालक, कायदेशीर पालनकर्ते किंवा सांभाळ करणारे असलेल्या कोणालाही, तो नागरिक नसला तरी, शिक्षण मंडळाच्या निवडणुकीत मत देता येईल असा तो प्रस्ताव होता. २०१८ मध्ये हा हक्क पहिल्यांदा वापरला गेला, पण नोंदणी शंभरावरसुद्धा गेली नाही. कारण समजण्यासारखे आहे. प्रत्येक निवडणुकीसाठी वेगळा अर्ज भरावा लागतो आणि निवडणूक विभागच सोबत एक सूचना देतो: तुम्ही दिलेले नाव आणि पत्ता स्थलांतर खात्याच्या हाती पडू शकतो, तेव्हा आधी स्थलांतर वकिलाचा सल्ला घ्या. पुढे नागरिकत्वाचा अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत कधी मत दिले आहे काय असा थेट प्रश्न तेव्हा असे, आणि त्याचे खरे उत्तर द्यावेच लागे.

माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. मी नोंदणी केली होती. मला आलेल्या मतपत्रिकेवर शिक्षण मंडळाचे तीन प्रश्न होते, बाकी काही नाही. खुणा करून, पाकिटात घालून मी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली होती आणि सही करायची तेवढी बाकी होती. दोन वर्षांत नागरिकत्वाचा अर्ज करायचा होता. वकिलाने सांगितले होते, की मत देणे कायदेशीर आहे, फक्त अर्जात ते लपवू नका आणि शहराची कागदपत्रे जोडा. त्या उत्तराने मला धीर यायला हवा होता, पण आला नाही. सकाळी निघताना पाकीट तिथेच राहिले.

पाचच्या सुमारास एक बाई आल्या. हातात तसेच पाकीट, पण त्या ते पेटीत टाकत नव्हत्या. अकरावीतल्या आमच्या मुलीशी त्या कँटोनीजमध्ये बोलल्या आणि तिने मला सांगितले, की या आपल्या नातवाला सांभाळतात, आई-वडील दिवसभर कामावर असतात, आणि यांना विचारायचे आहे की हे टाकले तर त्यांच्या कागदपत्रांना काही धोका होईल का. केंद्रप्रमुख बाहेर लावलेले प्रचाराचे फलक केंद्रापासून पुरेसे दूर आहेत का ते तपासत होत्या. मी समोर बसले होते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधत मी कित्येक रात्री जागवल्या होत्या, आणि तरी मला काही सांगता येत नव्हते. केंद्रावरच्या माणसाने मतदाराला सल्ला द्यायचा नसतो, आणि कायद्याचा तर नाहीच. मी निवडणूक विभागाच्या सूचनेचे पान काढले, चिनी भाषेतील मजकुरावर बोट ठेवले आणि मुलीकडून एवढेच विचारले, की हे तुम्ही वाचले आहे का. त्या म्हणाल्या, वाचले आहे. मग मुलीने माझ्याकडे पाहिले, जणू पुढचे वाक्य मी देईन. माझ्याकडे नव्हते.

गॅरेजच्या दाराशी ठेवलेल्या खुर्चीवर त्या बसल्या. पाकीट मांडीवर. दहा मिनिटे, कदाचित जास्त. तेवढ्यात आठ-दहा मतदार येऊन गेले, कोणाला पत्ता बदलायचा होता, कोणी पाकिटावर सही करायला विसरले होते. मग त्या उठल्या, पेटीपाशी गेल्या, पाकीट उलटे करून सही पुन्हा एकदा पाहिली आणि ते आत टाकले. आमच्या मुलीने त्यांना चार भाषांतला 'मी मत दिले' हा स्टिकर दिला. तो त्यांनी स्वेटरवर न लावता पर्समध्ये नीट ठेवला, बहुधा नातवासाठी.

मला सुट्टीची पंधरा मिनिटे मिळाली तेव्हा मी घरी फोन केला. पाकीट घेऊन ये, असे मी पतीला सांगू शकले असते. घर चार रस्त्यांवर होते आणि आठ वाजायला पुष्कळ वेळ होता. मी मुलीचा गृहपाठ झाला का एवढे विचारले आणि फोन ठेवला. रात्री आठला केंद्र बंद झाले. पावणेनऊला पहिले आकडे जाहीर झाले तेव्हा आम्ही अजून खुर्च्या गोळा करत होतो, आणि निकाल त्याच वेळी स्पष्ट झाला. शहरभर सुमारे ३६ टक्के मतदान झाले होते. माझ्या एका मताने काही बदलले नसते हे खरे आहे, आणि त्या बाईंच्या मतानेही बदलले नाही. तरी त्या रात्री घरी गेल्यावर ते पाकीट मी टेबलावरून उचलून कपाटात ठेवले, कारण मला ते बघवत नव्हते.

मार्चमध्ये महापौर लंडन ब्रीड यांनी तीन नवे सदस्य नेमले आणि जूनमध्ये मंडळाने चार विरुद्ध तीन मतांनी लोवेलचा गुणवत्तेवरचा प्रवेश परत आणला. जुलैमध्ये एका न्यायाधीशाने नागरिक नसलेल्यांचा मताचा हक्कच घटनाबाह्य ठरवला. मला वाटले, आता प्रश्नच मिटला. परंतु वरच्या न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, नोव्हेंबरच्या निवडणुकीत तो हक्क कायम राहिला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तर त्या न्यायालयाने तो वैध असल्याचेच ठरवले.

८ नोव्हेंबर २०२२ रोजी त्याच तीन जागांची नियमित निवडणूक झाली. नेमलेल्या तिघांपैकी दोघी निवडून आल्या, एक हरल्या. त्या वेळी मी केंद्रावर काम घेतले नाही. नव्याने नोंदणी केली, वकिलाला पुन्हा फोन केला नाही, आणि मुलगी शाळेत जाण्याआधी, तिला शेजारी उभे करून पाकिटावर सही केली. त्या गॅरेजमध्ये ओळखीचे कोणी नव्हते. पेटीत पाकीट टाकण्यापूर्वी मी ते उलटे करून सही पुन्हा एकदा पाहिली.