ट्विन बंगल्याचा नकाशा आणि दक्षिणेची भिंत

वडिलांनी नाशिकमध्ये घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर दादाचे आणि माझे घर एकाच वेळी, एकाच सामाईक भिंतीला पाठ लावून बांधायचे ठरले, तेव्हा नकाशाचे काम फार लांबेल असे आम्हा दोघांनाही वाटले नव्हते. ट्विन बंगला म्हटला की एका घराचा नकाशा काढायचा, तो उलटा करून शेजारी ठेवायचा आणि मधली भिंत जाड करायची, अशीच सर्वसाधारण पद्धत आहे. आमच्या आर्किटेक्टनेही पहिल्या भेटीत तसाच कागद पुढे ठेवला होता. देखणा कागद होता. पुढचे चार महिने त्यातले बहुतेक सगळे खोडण्यात गेले.

प्लॉट पूर्वाभिमुख आहे. रस्त्याकडील रुंदी ६० फूट आणि खोली ५० फूट, म्हणजे ३,००० चौरस फूट, आमच्याकडच्या भाषेत पावणेतीन गुंठे. दोघांच्या वाट्याला ३० बाय ५० चा अर्धा अर्धा भाग येतो. दक्षिणेकडचा दादाचा आणि उत्तरेकडचा माझा. पुढे १० फूट, मागे ५ फूट आणि उघड्या बाजूला ५ फूट सामासिक अंतर, म्हणजे बांधकामाभोवतीची मोकळी जागा, सोडले की प्रत्येकाला २५ बाय ३५ फुटांची जागा उरते. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीप्रमाणे मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येते तो आकडा, १.१ धरला, तर १,५०० चौरस फुटांवर १,६५० चौरस फूट बांधकाम बसते. प्रीमियम भरून आणखी क्षेत्र मिळू शकते, पण तो खर्च आम्हाला करायचा नव्हता. म्हणून तळमजला आणि पहिला मजला प्रत्येकी ८२५ चौरस फुटांचा, म्हणजे २५ बाय ३३, असे ठरवले. या नियमावलीत भिंती, जिने आणि बाल्कन्या सगळ्या मोजल्या जात असल्यामुळे, वापरायला मिळणारी जागा कागदावरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी असते, हे घरातल्या प्रत्येकाला एकदा टेप लावून दाखवावे लागले.

आरशातल्या नकाशाची पहिली अडचण ऊन ही होती. नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे. डिसेंबरात भरदुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून ४६-४७ अंशांवर असतो, आणि जूनमध्ये तो डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो. याचा अर्थ असा की दादाच्या उघड्या दक्षिण भिंतीतल्या खिडक्यांतून थंडीत दिवसभर ऊन आत येईल आणि उन्हाळ्यात दोन फुटांचा छज्जाही ते अडवू शकेल. माझी दक्षिण बाजू मात्र भिंतीने कायमची बंद झालेली आहे. माझ्या उत्तर भिंतीवर सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत थेट ऊन पडतच नाही. नाशिकची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना सकाळच्या उन्हाची किंमत सांगायला नको. एकच नकाशा उलटा केला असता, तर ज्या खोलीत दादाकडे जानेवारीत ऊन खात बसता आले असते, ती माझ्याकडे शीतगृह झाली असती. उत्तरेचा उजेड वाचायला आणि स्वयंपाकाला उत्तम असतो, हेही तितकेच खरे. तेव्हा त्या उजेडात करायची कामे उत्तरेला आणि उन्हात बसायच्या जागा पूर्वेला, असा माझ्या अर्ध्या भागाचा हिशेब मला स्वतंत्रपणेच मांडावा लागला.

दुसरी अडचण वास्तूची. मी स्वतः त्यात फारसा पडत नाही, पण वहिनी आणि आई पडतात, आणि घरात राहणाऱ्यांचे म्हणणे नकाशाने ऐकायलाच हवे. वहिनीला स्वयंपाकघर आग्नेयेला हवे होते आणि दादाच्या भागात आग्नेय कोपरा दोन बाजूंनी उघडा असल्यामुळे ते सहज जमले. तोच नकाशा उलटा केला की माझे स्वयंपाकघर ईशान्येला जाते, म्हणजे नेमके जिथे आईला देवघर हवे होते तिथे. माझ्या भागातला आग्नेय कोपरा सामाईक भिंतीला चिकटलेला असल्याने तिथे ओटा ठेवून धूर आणि वाफ रस्त्याकडे काढणे मला पटेना. शेवटी आग्नेयेला पर्याय म्हणून चालणारी वायव्य दिशा आम्ही घेतली. तिथे ओट्यासमोर उत्तरेची मोठी खिडकी येते, मागच्या दाराबाहेर भांडी घासायची आणि धुण्याची जागा येते आणि त्या जागेवरच्या पत्र्याने पश्चिमेचे संध्याकाळचे ऊनही अडते. वास्तूचे आणि उन्हाचे इतके एकमत पुन्हा कुठे झाले नाही.

आता त्या दक्षिणेच्या भिंतीकडे येतो, कारण खरा वेळ तिनेच खाल्ला. उत्तरेकडच्या साडेबारा फुटी पट्ट्यात पुढून मागे हॉल, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर असा क्रम लागला. भिंतीलगतच्या साडेदहा फुटी पट्ट्यात काय ठेवायचे, हा प्रश्न होता. या पट्ट्याला फक्त दोन टोकांना, पूर्वेला आणि पश्चिमेला, बाहेरचा उजेड मिळतो. मधला भाग अंधारा राहणार. आधीच्या कागदावर तिथे एक बेडरूम होती आणि तिची खिडकी जेवणाच्या जागेत उघडत होती. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहण्याची खोली किमान साडेनऊ चौरस मीटरची आणि २.४ मीटर रुंदीची असावी लागते, आणि ती खोली त्यात बसतही होती. पण ज्या खोलीत दिवसा दिवा लावल्याशिवाय कपाटातला शर्ट दिसत नाही, ती खोली मोजमापात बसली म्हणून राहण्यासारखी होत नाही. म्हणून मधोमध माणसाने थांबायची जागा ठेवायचीच नाही असे ठरले. पूर्वेच्या टोकाला आईची खोली, तिच्या मागे तिचे बाथरूम, मग तीन फुटांचा बोळ आणि शेवटी पश्चिमेपर्यंत जिना. जिन्याच्या वर गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीला दोन बाजूंनी काचा ठेवल्या आहेत. तिथून येणारा उजेड जेवणाच्या जागेपर्यंत उतरतो.

जिन्याचा हिशेब मी स्वतः केला, आणि तो प्रत्येकाने स्वतः करावा असे मला वाटते. दोन मजल्यांतली उंची साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच. सात इंचांच्या पायऱ्या धरल्या तर १८ चढ होतात आणि जिना आखूड बसतो. आईचे गुडघे लक्षात घेऊन मी २० चढ धरले, प्रत्येक ६.३ इंचांचा. दोन टप्प्यांत दहा-दहा चढ, प्रत्येक टप्प्यात ११ इंच रुंदीच्या नऊ पायऱ्या, म्हणजे सव्वाआठ फूट, आणि सव्वातीन फुटांची मधली चौकी. एकूण साडेअकरा फूट लांबी झाली. आई वर फारशी जाणार नाही, असा युक्तिवाद झाला होता. पण पापड वाळवायला गच्चीच लागते, आणि ती जाणार हे सगळ्यांना ठाऊक होते.

बाथरूमचे नळ आणि मैलापाण्याचे पाइप सामाईक भिंतीत घालायचे नाहीत, या एका मुद्द्यावर दादा आणि मी सुरुवातीपासून एक होतो. त्यासाठी बाथरूम आणि भिंत यांच्यामध्ये तीन फुटांची डक्ट, म्हणजे पाइपांसाठीची उभी मोकळी जागा, सोडली आहे, जी थेट आभाळापर्यंत उघडी आहे. दोन्ही घरांना मिळून एकच डक्ट ठेवली असती तर जागा वाचली असती, हे खरे. पण मग एका घरातली अंघोळीची गाणी दुसऱ्या घरात ऐकू आली असती, आणि दादा गातो. वर पारव्यांसाठी जाळी आणि खाली सफाईला शिरण्याएवढे दार, या दोन गोष्टी नकाशातच लिहून घेतल्या. त्या नंतर कुणाला आठवत नाहीत.

भिंत एक की दोन, यावर मात्र आमचे बराच काळ जमले नाही. नऊ इंचांची एकच वीटभिंत आणि सामाईक कॉलम हा स्वस्त मार्ग. दादाचा कल तिकडे होता. माझी शंका आवाजाची होती. प्लास्टर केलेली नऊ इंची भिंत बोलणे बऱ्यापैकी अडवते, पण मिक्सर, खलबत्ता आणि ओढलेली खुर्ची यांचा आवाज स्लॅब आणि बीममधून प्रवास करतो. त्यातच दादाचा हॉल ईशान्येला असल्यामुळे त्याचा टीव्ही आईच्या खोलीच्या भिंतीवर येत होता, आणि दक्षिणेकडे डोके करून झोपायचे ही आईची आयुष्यभराची सवय. म्हणजे बातम्या थेट उशीशी. शेवटी सहा-सहा इंचांच्या दोन भिंती, मध्ये दोन इंचांची फट, पाया एकत्र पण वरचे कॉलम वेगवेगळे, असे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सुचवले. फटीच्या वर पावसाचे पाणी शिरू नये म्हणून पत्र्याची टोपी येईल. प्रत्येकाची काही इंच रुंदी गेली, खर्चही वाढला. पण उद्या एकाला मजला वाढवायचा झाला किंवा घर पाडून बांधायचे झाले तर दुसऱ्याच्या कॉलमला हात लागणार नाही, हे ऐकल्यावर दादा तयार झाला. टीव्हीही त्याने समोरच्या भिंतीवर हलवला.

पहिल्या मजल्याविषयी सांगण्यासारखे फार नाही. दोन बेडरूम, मुलांच्या अभ्यासाला उत्तरेची खिडकी आणि पश्चिमेला बाथरूम, म्हणजे दुपारचे तापणे त्यांनी सोसावे.

आरसा आम्ही फक्त बाहेर ठेवला. फाटके दोन टोकांना, गाड्या रस्त्याला समांतर आणि एकमेकींपासून दूर, छज्जांची आणि खिडक्यांच्या माथ्याची पातळी एकच. आत स्वयंपाकघर असो वा हॉल, बाहेरून खिडकी तेवढीच दिसेल.

नकाशा मंजुरीला देण्याआधी आम्ही एक गोष्ट केली, आणि ती आधीच करायला हवी होती. प्लॉट साफ करून चुन्याच्या फक्कीने तळमजला पूर्ण मापात जमिनीवर आखला आणि सगळे त्यातून चाललो. हॉल सर्वांना लहान वाटला. उघड्या जमिनीवर आखलेली कोणतीही खोली लहानच वाटते, म्हणून तिकडे दुर्लक्ष केले. पण आई तिच्या खोलीतून बाथरूमच्या रेघांत शिरली आणि वळताना तिची काठी रेघेबाहेर गेली. अडीच फुटांचे दार तिथल्या तिथे तीन फुटांचे झाले आणि आत उघडण्याऐवजी सरकते झाले.

त्याच दिवशी ती बोळाच्या टोकाशी, जिथे तो सामाईक भिंतीला भिडतो, उभी राहून म्हणाली, "अरे, इथे एक दार ठेवा ना." ही मागणी ती पूर्वीही करत होती आणि आम्ही दोघेही टाळत होतो. दोन कुटुंबे, दोन वेगळे मालक, उद्या कुणी घर विकले तर काय, ही कारणे खोटी नव्हती. वहिनीने त्यावर तोडगा काढला. दोन्ही भिंतींत तीन फुटांच्या जागेवर सात फुटांवर लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, टाकून ठेवायचे आणि खालचा भाग पक्का न बांधता सहज सुटेल अशा कच्च्या मसाल्यात विटा रचून भरून घ्यायचा. हवे तेव्हा विटा काढता येतील, नको असेल तर प्लास्टरखाली कुणाला कळणारही नाही. आर्किटेक्टने ते कामाच्या नकाशात तुटक रेघेने दाखवले. आईला कागद नेऊन दाखवला, तेव्हा तिने चष्मा लावून ती रेघ बराच वेळ पाहिली आणि कडी कोणत्या बाजूला असणार, एवढेच विचारले. दादाने पेन्सिलीने दोन्ही बाजूंना एकेक काढून दिली.