पेनेची येळवणी

चाळण सिंकमध्ये ठेवली, फडक्यानं पातेलं दोन्हीकडून धरलं, तिरकं केलं आणि हात थांबला. चष्म्यावर वाफ धरलेली, समोरचं काही दिसेना. ऐकू मात्र लख्ख आलं, "काय वतायलीस गं?"

आज्जीला जाऊन अकरा वर्षं झाली. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात ती सोप्यात बसलेली असायची, आणि आत मोरीत काय पडलं ते आवाजावरून ओळखायची. नुसतं पाणी, ताक, भाजी धुतलेलं, पेज. प्रत्येकाचा आवाज तिला वेगळा यायचा. पाण्यापेक्षा जड काहीतरी मोरीकडं चाललंय असं वाटलं की तिथूनच हाक. आईनं सगळा संसार त्या हाकेच्या टप्प्यात केला.

तर मी पातेलं परत ओट्यावर ठेवलं.

गुरुवार होता. बुधवारचा रस्सा आदल्या रात्रीच संपला होता. तांबड्या-पांढऱ्याचं काही अवघड नसतं, तो दिवस आपोआप निभतो. प्रश्न असतो तो सोमवार-गुरुवार-शनिवारचा, ज्या दिवशी घरातला प्रत्येक जण "काहीही चालेल" म्हणतो आणि ताट पुढं आलं की तोंड पाडतो. लेकीनं मात्र सकाळीच सांगून ठेवलेलं, "आई, आज आमटी-भात केलीस तर मी जेवणार नाही बघ. पास्ता कर. सांगून ठेवतो." तिच्या पुण्याच्या मावशीला हे "सांगून ठेवतो" ऐकून दर सुट्टीत हसू येतं. येऊ दे.

ऑफिसातून येताना लक्ष्मीपुरीत उतरून टोमॅटो, एक ढब्बू मिरची आणि मूठभर बीन्स घेतले. पास्ता घरात होता. असतोच हल्ली. पोह्यांच्या डब्याशेजारी त्याचाही डबा झालाय, हे कधी झालं ते मात्र आठवत नाही.

पास्त्याचं गणित सोपं आहे. पाव किलोला अडीच लिटर पाणी, लिटरला 10 ग्रॅम मीठ. म्हणजे सपाट चार-पाच चमचे. ते घालताना नेमक्या आत्ती मागं उभ्या. सासूबाईंना बीपी आहे, आणि मिठाचा डबा कोणी उघडला की त्यांना हॉलमधूनही कळतं.

"अगं अगं, समुद्र करायलीस काय?"

"आत्ती, इटलीतल्या बायकाबी असंच म्हणतात म्हणे, पाणी समुद्रासारखं पाहिजे. खरं समुद्रात लिटरला 35 ग्रॅम असतं, मी धाच घातलंय."

"मग त्यांना बीपी नसंल," म्हणाल्या आणि भाकरीचं पीठ मळायला परात घेऊन बसल्या. स्वतःपुरत्या दोन भाकऱ्या. पास्ता असला की त्या बिनबोभाट आपली सोय बघतात.

टोमॅटो मी किसणीवर किसते. साल हातात राहतं, गर खाली पडतो. उकळा, सोला, मिक्सरला लावा हे गुरुवारी कोण करणार? शेंगतेलात लसूण, लसूण तांबूस व्हायच्या आत टोमॅटो, तेल सुटेपर्यंत दम. भाज्या वेगळ्या परतलेल्या. ऑरेगॅनोची ती चिमुकली पाकिटं पिझ्झाबरोबर येतात ती आम्ही ड्रॉवरमध्ये साठवतो, तुम्हीही साठवता, त्यातली तीन. आणि सगळ्यात शेवटी, कोणी बघत नसताना, अर्धा चमचा घरची कांदा-लसूण चटणी. इतकीच की वास लागावा. दरवर्षी उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली चटणी घरात असताना तिला एखाद्या कढईपासून लांब ठेवणं मला जमत नाही. लेक म्हणते, "कसलं भारी झालंय, अगदी हॉटेलसारखं." मी गप्प बसते.

आता ते पाणी. पाककृती सांगणारे सगळे एका सुरात सांगतात की ओतून देऊ नका, एक वाटी ठेवा. पिठूळ असतं, सॉसमध्ये घातलं की तेल आणि टोमॅटो एकमेकांना सोडत नाहीत, पास्त्याला सॉस चिकटून बसतो. हे सांगताना ते असा चेहरा करतात की जणू गुपित फोडतायत. आमच्याकडं ह्याला येळवणी म्हणतात. पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी वेळून घ्यायचं, त्याची आमटी. पुण्याकडं कटाची आमटी म्हणतात, म्हणोत बापडे. पण येळवणी म्हटल्यावर तोंडाला जे पाणी सुटतं ते कट म्हटल्यावर नाही. बेंदराच्या दुसऱ्या दिवशीची, तीनदा उकळलेली, तळाशी मसाला बसलेली येळवणी आणि तिच्यात बुडवलेली शिळी पोळी. त्या दिवशी आम्ही भावंडं ताज्या स्वयंपाकाकडं बघायचोसुद्धा नाही.

आज्जीच्या घरात उकळलेलं कुठलंच पाणी बिनकामाचं नव्हतं. भात वेळलेला असायचा, त्याची पेज. पेजेत मीठ घालून सकाळी आम्हाला, उरलेली पातळ करून आजोबांच्या धोतराला आणि फेट्याला खळ. शेंगा उकडलेलं पाणी गार झालं की म्हशीच्या आंबोणात. बटाटे उकडलेल्या पाण्यानं ती चांदीचं निरांजन घासायची, आणि ते खरंच उजळायचं की आम्हाला तसं वाटायचं हे आता कोणाला विचारणार?

कंजूषपणा म्हणावा तर तसंही नाही. दारात आलेल्याला ती शेर-अर्धा शेर जोंधळे हात आखडता न घेता घालायची. पाणी ओतायचं मात्र तिच्या जिवावर यायचं.

पातेलं ओट्यावर होतं तोवर मी एक पेने काढून दाताखाली धरला. मधे अजून कच. दोन मिनिटं बाकी. पेने म्हणजे पिसाची लेखणी, टोकं तिरकी कापलेली म्हणून. आणि ह्या पेनेवर लांबट रेघा होत्या. पाकिटावर पुढं 'रिगाते' लिहिलेलं असतं ते त्यासाठी, रेघा असलेले. सॉस धरायला. त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि मग दोन मिनिटांची सहा कधी झाली ते समजलं नाही.

ताईच्या लग्नाआधीचा मे महिना. मी तिसरीत. दुपारची जेवणं उरकली की सोप्यात गल्लीतल्या बायका जमायच्या, रुखवतासाठी वळवट करायला. बन्सीचा रवा दुधात भिजवून, वरवंट्यानं कुटून कुटून लोण्यासारखा केलेला. त्याचा गोळा ओल्या फडक्याखाली. प्रत्येकीच्या पुढ्यात सूप. बोटाच्या चिमटीत वळून जिऱ्याएवढे काढायचे ते गव्हले; ते फक्त दोघी-तिघींना जमायचे आणि त्या त्याचा रुबाब करायच्या. नव्या कोऱ्या फणीवर दाबून काढायच्या त्या फणुल्या, निदान आमच्या घरात तरी हाच शब्द होता. आणि ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी अंगठ्याच्या नखावर दाबून अलगद सोडवायची ती नखुली.

मला बसू द्यायच्या नाहीत. आधी हात दाखव, मग नखं दाखव. आणि शाळेत दर सोमवारी नखं तपासायचे, त्यामुळं माझी नखं कायम मुळापासून कापलेली. माझी नखुली म्हणजे नुसता चपटा झालेला गोळा. मावशी म्हणाली, "हिला लाह्या निवडायला बसवा." आज्जीनं मात्र माझा अंगठा धरला, तिच्या नखावरची नखुली माझ्या बोटानं सोडवायला लावली आणि म्हणाली, "ही तुझी."

आज्जीच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला मधोमध उभी चीर होती. कधीकाळी मुसळ बसलेलं. नख पुन्हा आलं ते तसंच, मधे बांध घातल्यासारखं. त्यामुळं तिची प्रत्येक नखुली वेगळी; मधोमध एक बारीक रेघ उमटलेली. सूपभर नखुल्यांत तिच्या कुठल्या ते मी बोटानं वेगळ्या करायची, आणि दुपारभर तेवढंच काम करायची. बाकीच्या बायका म्हणायच्या, पोरगी कामाला लागली. बाहेर ऊन मी म्हणायचं, कोणीतरी जात्यावरची ओवी अर्धीच म्हणून सोडून द्यायची, मिलचा भोंगा झाला की सगळ्याजणी एकदम उठायच्या.

खूप वर्षांनी कुठंतरी वाचलं की इटलीत एमिलिया-रोमान्यात गार्गानेल्ली नावाचा पास्ता फणीवर वळतात. हातमागाच्या फणीचा पट्टा असतो, त्यावर पिठाचा चौकोन काठीवर गुंडाळून फिरवायचा की रेघा उमटतात. आणि पुलियात बायका दारात बसून अंगठ्यानं कानाच्या पाळीएवढे ओरेक्कीएत्ते करतात. वाचून मला आश्चर्य वाटलं नाही, राग आला. म्हटलं, मग आमच्या सोप्यातल्यांना कोणी का विचारलं नाही?

रव्याचंही तेच. पाकिटावर ड्युरम म्हणून ठळक लिहितात. ड्युरम म्हणजे आपला बन्सी. इटलीत 1967 साली कायदा झाला की सुका पास्ता ड्युरमच्याच रव्याचा पाहिजे, दुसरा गहू चालणार नाही. आज्जीनं हा कायदा त्याच्या कितीतरी आधी केला होता. "शेवयाला बन्सीच. दुसऱ्याची तुटती." शेवयाचं मशीन पाटाला आवळलेलं, एकीनं दांडा फिरवायचा, एकीनं पितळी जाळीतून उतरणाऱ्या तारा हातावर झेलायच्या, तिसरीनं त्या काठीवर टाकून माडीवर न्यायच्या. तिसरी मी. काठी तिरकी झाली की शिव्या. 1154 च्या सुमारास अल्-इद्रिसी ह्या भूगोलकारानं सिसिलीतल्या त्राबिया गावाबद्दल लिहून ठेवलंय की तिथं पिठाच्या अशा तारा इतक्या करतात की गलबतं भरून परगावी जातात. त्यानं काठ्या कोण नेत होतं ते लिहिलेलं नाही. नेत असणार एखादी तिसरीतली.

"आई! पास्ता!"

चार मिनिटं जास्त झाली होती. पेने पार गळलेले. इटालियन माणसानं बघितलं असतं तर जेवला नसता. लेकीच्या भाषेत लगदा. मी पाणी एका स्टीलच्या डब्यात वेळून घेतलं, त्यातलं दोन पळ्या कढईत घातलं, पास्ता ढकलला, वर चीज किसलं आणि घाईघाईनं ताटं केली. चव मात्र, खोटं कशाला बोलू, चांगली होती. चटणीमुळं.

आत्तींनी भाकरीबरोबर चाखायला म्हणून चमचाभर घेतला. हळूहळू चावला. मग थोडा आणखी घेतला.

"चकोल्याच की गं ह्या. आमटी आटलेल्या."

लेक खवळली. पास्ता म्हणजे आमटीत शिजवलेल्या कणकेच्या चकोल्या नव्हेत, पास्ता इटलीचा आहे, चकोल्या आपल्या आहेत, वगैरे. आत्ती म्हणाल्या, "बरं बाई, इटलीच्या चकोल्या," आणि तिसऱ्यांदा वाढून घेतला. भाकरीचा चतकोर तसाच राहिला, तो मी खाल्ला.

राहता राहिला तो डबा. दीड-दोन लिटर पिठूळ पाणी, फ्रिजमध्ये, ताकाच्या भांड्याशेजारी. कणीक मळावी तर खारट. आमटीत घालावं तर आमटीत मीठ घालायला जागाच उरत नाही, शिवाय आत्तींचं बीपी. तुळशीला घालून तुळस घालवायची नव्हती. शुक्रवारी रात्री नवऱ्यानं ताक समजून पेल्यात ओतून मोठा घोट घेतला. तो जे बोलला ते कोल्हापुरीत होतं, इथं लिहिण्याजोगं नाही.

शनिवारी सकाळी डबा काढला. तळाशी पांढरा साका बसलेला, वर नितळ पाणी. हलवला, साका वर आला. खळ करावी तर खळ कशाला करायची? नवऱ्याचे शर्ट इस्त्रीवाल्याकडं जातात, फेटा आमच्यात आता लग्नातच बांधतात, तोही भाड्याचा.

मी सिंकमध्ये डबा उपडा केला. जड आवाज आला. अगदी तसाच. मी चटकन नळ पूर्ण सोडला, त्या आवाजावर आवाज.

बाहेरून आत्ती ओरडल्या, "नळ बंद कर गं, आज पाणी यायचं न्हाई."