डब्यातलं मांस आधी तळून खा, मग बोला

स्पॅम (डब्यातलं डुकराचं मांस) किंवा कॉर्न्ड बीफ (मिठात मुरवलेलं डब्यातलं गोमांस) यांचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात. गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच जणांनी ते एकतर कधी खाल्लेलंच नसतं, नाहीतर डबा उघडून तसंच थंडगार चमच्याने खाल्लेलं असतं. तसं खाल्लं तर मलाही नाही जात घशाखाली. लिबलिबीत, खारट, वर ती जेली.

मला ह्याची चटक लागली शिकत असताना, रूममेटमुळे. महिनाअखेरीला खिसा रिकामा झाला की तो कपाटातनं स्पॅमचा डबा काढायचा, उपडा करून बुडावर दोन थापा, मग तो गुलाबी ठोकळा पच्चकन ताटलीत. बघायला अजिबात बरं वाटायचं नाही ते. पण पातळ काप करून कोरड्या तव्यावर टाकले की त्याचीच चरबी सुटते, तेल लागतच नाही, कडा तपकिरी कुरकुरीत होतात आणि तो वास असा काही सुटायचा की शेजारच्या खोल्यांतली मंडळी उगाच काहीतरी विचारायच्या निमित्ताने आत यायची. सोबत गरम भात आणि अंडं, बास.

बरं, "काय काय भरतात देव जाणे" हे एक नेहमीचं. अहो डब्यावर लिहिलेलं असतं की! साध्या स्पॅममध्ये डुकराचं मांस, मीठ, पाणी, बटाट्याचा स्टार्च, साखर आणि सोडियम नायट्राइट, संपली यादी. १९३७ साली अमेरिकेत हॉर्मेल कंपनीने हे काढलं तेव्हा डुकराच्या खांद्याच्या मांसाला फारशी मागणी नव्हती, ते खपवायचा हा मार्ग. मांस सीलबंद डब्यातच शिजतं म्हणून वर्षानुवर्षं बाहेर टिकतं, आणि शिजूनही गुलाबी राहतं ते नायट्राइटमुळे. जेली म्हणजे मांसातनंच सुटलेलं जिलेटिन, ती कमी व्हावी म्हणून तर २००९ मध्ये स्टार्च घालायला लागले.

कॉर्न्ड बीफचा तो एका बाजूला निमुळता डबा मात्र मला भारी आवडतो, रुंद बाजू उघडली की अख्खी वडी सरळ बाहेर येते. चावीने पत्र्याची पट्टी गुंडाळत उघडायचा, त्यात बोट कापून घेणारेही खूप. चवीला म्हणाल तर कांदा-बटाट्याबरोबर खरपूस परतलं तरच मजा. पाण्यातले ते छोटे सॉसेज मात्र नको, त्यांचं काहीही केलं तरी ते ओलेच लागतात!

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना स्पॅम इतकं खायला घातलं की परत आल्यावर कित्येकांनी त्याला हात लावला नाही. आणि त्याच सैन्याबरोबर ते जिथे पोचलं तिथे लोकांनी डोक्यावर घेतलं. हवाईत भातावर तळलेला काप ठेवून समुद्री शेवाळाच्या पट्टीत गुंडाळतात, तो मुसुबी. कोरियन युद्धानंतर दक्षिण कोरियात अमेरिकन तळांवरून मिळालेल्या डब्यांतून बुदे जिगे नावाचा तिखट रस्सा जन्माला आला आणि आज तिथे सणाला स्पॅमचे गिफ्ट बॉक्स देतात. वस्तू तीच, फक्त कोणाच्या गळ्यात बळजबरीने मारली आणि कोणाला टंचाईत मिळाली एवढाच फरक, असं आपलं माझं मत.

तब्येतीचं विचाराल तर तिथे मी वाद घालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस सरळ पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे त्याने कॅन्सर होऊ शकतो याचा पुरेसा पुरावा आहे, रोज खायची गोष्ट नव्हेच ही. आणि मीठ! ५६ ग्रॅम स्पॅममध्ये साधारण ७९० मिलिग्रॅम सोडियम, दिवसाची मर्यादा २००० च्या आत, म्हणजे ३४० ग्रॅमचा अर्धा डबा एकट्याने हाणला की त्या दिवसाचा कोटा पार. पंचवीस टक्के कमी सोडियमवाला मिळतो, तो खरपूस तळून बघितला तर मला फरक फारसा कळला नाही, म्हणून आता घरात तोच असतो.