कॅसेटच्या उरलेल्या जागेतलं गाणं

न्यू जर्सीतल्या एका छोट्या स्टुडिओत मी जुन्या टेप डिजिटल करते. लग्नं, वाढदिवस, गेलेल्या आजीआजोबांचे आवाज, चर्चमधली प्रवचनं, सगळं येतं. पण या भागात एका गोष्टीचे खोके कधी संपत नाहीत, ते म्हणजे ग्रेटफुल डेडच्या कॅसेट. या अमेरिकन रॉक बँडने श्रोत्यांना आपले कार्यक्रम टेप करू दिले. १९८४ पासून तर मायक्रोफोनचे स्टँड घेऊन येणाऱ्यांसाठी हॉलमध्ये वेगळी जागाच राखून ठेवली. त्या कॅसेट पोस्टाने एकमेकांकडे गेल्या, त्यांच्या कॉप्या निघाल्या, कॉप्यांच्या कॉप्या निघाल्या. पैसे घ्यायचे नाहीत, कोरी कॅसेट आणि पोस्टाचा खर्च दिला की झालं, हा त्या मंडळींचा धर्म होता. आता त्यांतले बरेच जण थकलेत, काही गेले, आणि मुलं माळ्यावरचे खोके उचलून आमच्याकडे येतात.

लेबलवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, हे या कामात लवकर कळतं. खरी तारीख गाण्यांत असते. नवा अल्बम आला की दौऱ्यात तीच गाणी वाजवायची, ही बाकीच्यांची रीत. डेडच्या बाबतीत अल्बम आणि स्टेज यांचा मेळ तुम्हाला मुद्दाम शिकून घ्यावा लागतो. ‘टच ऑफ ग्रे’ हे गाणं ते सप्टेंबर १९८२ पासून वाजवत होते. ज्या ‘इन द डार्क’वर ते आहे तो अल्बम आला जुलै १९८७ मध्ये. उलट १९७४ च्या ‘फ्रॉम द मार्स हॉटेल’वरचं ‘अनब्रोकन चेन’ ऐकायला लोकांनी मार्च १९९५ पर्यंत वाट पाहिली, तेव्हा कुठे फिलाडेल्फियात ते पहिल्यांदा वाजलं. त्याच अल्बमवरचं ‘स्कार्लेट बिगोनियाज’ शेकडो वेळा झालं, आणि ‘प्राइड ऑफ कुकामोंगा’ एकदाही नाही. ‘अमेरिकन ब्युटी’ या सर्वांच्या लाडक्या अल्बमचं पहिलंच गाणं ‘बॉक्स ऑफ रेन’ १९७३ नंतर जे गायब झालं ते मार्च १९८६ मध्ये हॅम्पटनला परत आलं. आणि सगळ्यात जास्त वेळा वाजलेलं ‘मी अँड माय अंकल’ त्यांच्या एकाही स्टुडिओ अल्बमवर नाही. आपल्याकडे ख्याल ऐकणारा माणूस ही बंदिश कुठल्या रेकॉर्डवर आहे म्हणून विचारत नाही, आज कशी मांडली ते ऐकतो. या लोकांचं ऐकणंही तसंच.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली, मुलगी म्हणजे माझ्याच वयाची. वडील वारले होते, आईचा साठावा वाढदिवस जवळ आला होता. हातात एकच कॅसेट, मॅक्सेलची नव्वद मिनिटांची. लेबलवर वडिलांच्या अक्षरात: जायंट्स स्टेडियम, १२ जुलै १९८७. आईवडील त्या कार्यक्रमात पहिल्यांदा भेटले. डबीतल्या कार्डच्या आत गाण्यांची यादी, आणि यादीत सगळ्यात खाली ‘फूलिश हार्ट’. ते त्यांचं गाणं. त्या रात्री ते दोघांनी एकत्र ऐकलं, ही गोष्ट घरात तिन्ही मुलांना पाठ आहे. तिला ते एक गाणं वेगळं काढून, वर तारीख छापून, आईला द्यायचं होतं.

यादी वाचतानाच माझ्या पोटात कालवाकालव झाली. ‘फूलिश हार्ट’ लोकांसमोर पहिल्यांदा वाजलं जून १९८८ मध्ये. १९८७ च्या जुलैत ते ऐकलेलं असणं शक्यच नाही.

इथे घाईने निकाल देणारे खूप आहेत. गाणं ‘बिल्ट टू लास्ट’वरचं, तो अल्बम ऑक्टोबर १९८९ चा, म्हणजे कॅसेट त्यानंतरची, असं म्हणून मोकळे होतात. डेडच्या टेपला हा हिशेब लावणं म्हणजे काहीच न ऐकणं. मी कॅसेट लावली. आधी स्क्रू ड्रायव्हरने हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, कोन जुळवला. हे काम मी कधी मशीनवर सोडत नाही. झांजेचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा असतो, स्क्रू केसभर फिरवला की एकदम उघडतो, आणि तिथेच थांबायचं असतं. मग वेग. सेलवर चालणाऱ्या रेकॉर्डरचे सेल उतरत गेले की टेप हळू चालते, आणि आज ती वाजवली की सूर चढलेले येतात. पियानोच्या सुरावरून ते खाली आणले.

पहिली बाजू बिनचूक होती. वारा मायक्रोफोनवर आपटत होता, लांबच्या प्रेक्षकांच्या स्टँडवरून आवाज परत येत होता. उघडं स्टेडियम, शंका नाही. ‘व्हेन पुश कम्स टू शव्ह’ होतं, ते डिसेंबर १९८६ च्या आधीचं असू शकत नाही. ‘टन्स ऑफ स्टील’ होतं, ते १९८७ नंतर त्यांनी वाजवलंच नाही. दोन्ही ‘इन द डार्क’वरची, दोन्ही एकाच टेपवर. म्हणजे कॅलेंडरची एवढीशी फट उरते आणि १२ जुलै तिच्यात नीट बसते. त्या दौऱ्यात डेड आधी स्वतःचे दोन सेट, म्हणजे कार्यक्रमाचे दोन भाग, वाजवत आणि मग बॉब डिलनला साथ करत. हा पहिला सेट होता. तो दुसऱ्या बाजूच्या साधारण मध्यावर संपतो, टाळ्या होतात, आणि मग पॉजचं बटण दाबल्याचा बारीक ठोका ऐकू येतो.

त्या ठोक्यानंतर सगळं बदलतं. वारा नाही, डोक्यावर छप्पर आहे, खालची खरखर दुपटीने वाढलेली. कॉपीची कॉपी. आणि ‘फूलिश हार्ट’ सुरू होतं.

याला फिलर म्हणतात. कॅसेटवर जागा उरली की माणसं दुसऱ्या कार्यक्रमातलं एखादं गाणं भरायची, कोरी टेप वाया घालवणं त्यांना पाप वाटायचं. नियम असा की फिलरची तारीख वेगळी लिहावी. निम्म्या लोकांनी ती लिहिली नाही, आणि त्यामुळे आज नेटवर किती खोट्या याद्या फिरताहेत त्याला सुमार नाही. मला याचा मनापासून राग येतो. मी कार्ड दिव्याखाली धरलं. वरची यादी निळ्या बॉलपेनची, शेवटची ओळ काळ्या शाईची. अक्षर तेच.

मालकांचं म्हणणं, गिऱ्हाइकाने जे लिहून दिलंय ते छापायचं, आपण तासांचे पैसे घेतो, इतिहासाचे नाही. माणूस सज्जन आहे, पण या कामात कानाला किंमत असते हे त्यांना कधी पटलेलं नाही. मी मुलीला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “आईला सांगू नका.” दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला, “आईला घेऊन येते, तुम्हीच सांगा.”

बाई आल्या. मी आधी काहीच न बोलता त्यांना हेडफोन दिला आणि सेटचा शेवट, तो ठोका आणि गाण्याची सुरुवात असं सलग ऐकवलं. त्यांनी हात वर करून पुन्हा लावायला सांगितलं. मग मी गाण्याच्या तारखा सांगितल्या. त्या म्हणाल्या, “मला ते वाजताना दिसतंय. तो माझ्या डावीकडे उभा होता.” मी वाद घातला नाही. इतकी वर्षं गाडीत, स्वयंपाकघरात त्या रात्रीच्या पाठोपाठ हेच गाणं वाजत आलं असेल, तर ते त्या रात्रीत जाऊन बसणारच. मग त्यांनी कार्ड मागून घेतलं, ती काळी ओळ बोटाने चाचपली आणि विचारलं, “मग त्याने हे कधी घातलं? आणि कुठलं?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी टेपमधला सांधा शोधत होते, त्या तो जोडणाऱ्याचा विचार करत होत्या. त्याने शेकडो गाण्यांतून हेच निवडलं आणि बायकोला कधी सांगितलं नाही. विसरला, की ती त्या रात्रीचंच समजते आहे हे कळल्यावर गप्प बसला? मी हे अजून घोळवते आहे. मुलीला वाटतं वडिलांनी फसवलं. मला तसं वाटत नाही.

ते गाणं कुठल्या रात्रीचं, हे आता मी रोज रात्री घरी शोधते आहे. गाण्यात बँडचा कीबोर्डवादक ब्रेंट मिडलंड याचा आवाज आहे. तो जुलै १९९० मध्ये गेला, त्यामुळे शोधायचा काळ जून १९८८ ते जुलै १९९० एवढाच. बाई म्हणाल्या, सप्टेंबर १९८८ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला बँडच्या नऊ रात्री झाल्या, त्यांतल्या एकीला दोघं गेले होते. कुठल्या ते आठवत नाही. या बँडचं बरं असं की मधलं वादन कुठल्याही दोन रात्री सारखं नसतं. गाणारा गिटारवादक जेरी गार्सिया कुठल्या कडव्यात शब्द चुकला, गिटार किती वेळ फिरत राहिली आणि गाण्यावर कुठे परत आली, हे तारीख माहीत असलेल्या रेकॉर्डिंगशी जुळवत गेलं की दुसऱ्या जागेवरून केलेलं रेकॉर्डिंगसुद्धा ओळखू येतं. आधी दोन्हींचा वेग एक करायचा, मग कडवं कडव्यावर ठेवायचं.

वाढदिवसासाठी दोन फायली दिल्या. एकीवर १२ जुलै १९८७, दुसरीवर फक्त गाण्याचं नाव. तारीख सापडली तर दुसरं कार्ड छापून देईन, नाही सापडली तर ‘१९८८ ते १९९०’ असंच लिहीन. बाईंना ते चालेल. मालकांना सांगितलेलं नाही.