रानपिंगळा आणि विहिरीवरचं मॉस: एकदाचा सेक्शन निघाला!

मंडळी, रानपिंगळा हे दुर्मीळ छोटं घुबड आणि विहिरीच्या कठड्यावरचं मॉस (शेवाळासारखी दिसणारी बारीक वनस्पती) यांना शेजारीशेजारी मांडणारा तक्ता मी करतोय. त्यासाठी मॉसच्या पानाचा पातळ, आरपार दिसणारा सेक्शन, म्हणजे काप, शेवटी हाती लागला. मॉस हायोफिला प्रकारचं की त्याच्यासारख्याच बार्ब्युला प्रकारचं, हे पावसाळ्यापासून अडलेलं कोडं सुटलं. हायोफिला इन्व्होल्यूटाच आहे.

घोडं अडत होतं ते पान धरण्यात. पान जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं. बटाट्यात धरून ब्लेड फिरवलं की बटाटा पाणी सोडतो, पान सरकतं आणि कव्हरस्लिपच्या काचेखाली नुसता हिरवा चोथा. गाजर त्यापेक्षा बरं, पण तेही चिरकतं. परवा गुरांना कडबा टाकताना डोक्यात आलं, धांड्याचा गाभा का नको? कोरडा, भुसभुशीत आणि फुकट! गाभ्याला उभी चीर दिली, भिजवलेलं पान आत सारलं, आडवे काप घेतले. ब्लेड मात्र दाढीचंच घ्या. ‘लॅब क्वालिटी’ म्हणून मागवलेली महागडी पाती बोथट निघाली. फोल्डस्कोपच्या (कागदी सूक्ष्मदर्शकाच्या) १४० पटीत पानाच्या वरच्या अंगाच्या पेशी फुगीर आणि खालच्या सपाट दिसल्या. बार्ब्युलाला दोन्ही अंगांना बारीक पुटकुळ्या असत्या. शिवाय पानांच्या बेचक्यात चांदणीच्या आकाराचे जेमा, म्हणजे गळून नवं रोप होणारे बारीक कण! ते बघून चहा गार झाला.

तक्त्यातली रानपिंगळ्याची बाजू कधीच भरून झाली. मेळघाटच्या सागात तो दिवसाढवळ्या दिसतो, डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, छाती तपकिरी. ठिपकेवाल्या पिंगळ्यातून निवडायला दुर्बीण पुरते. १८८४ नंतर बेपत्ता, १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, २०१८ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आला. पक्ष्यांची अशी जातवार तपासणी झालेली आहे. मॉसच्या बहुतेक जातींकडे त्या यादीवाल्यांचं अजून लक्षच गेलेलं नाही.

पण हायोफिलाची काळजी कशाला करायची? ती चुन्यावर येते, सिमेंटवरही येते. दुर्मीळ पक्ष्यासमोर ही जोडी फुसकी वाटायला लागली आहे. विहिरीच्या आतल्या पायऱ्यांवर, कायम सावलीत, दोन ओळींत पानं असलेलं फिसिडेन्स नावाचं दुसरं मॉस आहे. आमच्या भागात बोअर आल्यापासून जुन्या विहिरी बुजवतात, तेव्हा त्याची जागाच जाते. तर तक्ता बदलतो: हायोफिला बाद, फिसिडेन्स आत. जात ठरवायला पुन्हा सेक्शन आलेच, म्हणून जाडसर धांडे गुरांच्या तोंडातून वाचवून माळ्यावर टाकलेत. पाणी खाली गेलं की पायऱ्या उतरतो.