पन्नाशीत लाठी

आज संध्याकाळी शिवाजी पेठेतल्या एका तालमीत मर्दानी खेळाचा सराव बघत उभा होतो. शाळकरी पोरांच्यात पन्नाशीच्या एक काकू लाठी शिकत होत्या. काठी सारखी निसटायची. वस्ताद म्हणाले, "पडू दे ओ काकू, फिरवत ऱ्हावा!"

किती बरोबर बोलले ते! काठी अंदाजापेक्षा वेगळी गेली की डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू तो फरक टिपतो आणि पुढची हालचाल सुधारतो. चुकलंच नाही तर सुधारणार काय? पण चुकलं की आपली मोठी माणसं लाजून बाजूला होतात, आणि शिकणं तिथंच थांबतं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

२००४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी मोठ्या माणसांना तीन चेंडू हवेत खेळवायला शिकवलं. तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये मेंदूतला हालचाल ओळखणारा भाग वाढलेला दिसला. सराव सोडल्यावर ती वाढ कमीही झाली, म्हणजे हात चालू ठेवायलाच हवा.

काकूंची काठी शेवटी शेवटी चांगली घुमत होती. निघताना वस्तादांना विचारून आलोय, उद्या आईला घेऊन जाणार आहे. पेठेत कुणाच्या घरी आई, मावशी, आत्या तयार असतील तर त्यांनाही सोबत पाठवा.