सहाव्या बुचातलं पाणी

ऑक्टोबर छाटणी उरकली की पेठ-सुरगाण्याच्या मजूर टोळ्या दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांत उतरतात. संध्याकाळी सहाला त्यांच्या वस्तीवर विज्ञानाचं सत्र ठेवलं तर बाया चुलीपुढे असतात, म्हणून साडेसात. आणि ‘मुलांसाठी विज्ञान’ असं सांगितलं की आया लांबूनच बघतात. यावेळी ड्रॉपर त्यांच्याच हाती दिले.

सामान किरकोळ: पाण्याच्या बाटल्यांची सहा पांढरी बुचं, दोन ड्रॉपर, खायचा लाल रंग. (फवारणीच्या बाटल्यांची बुचं कितीही धुतलेली असोत, घ्यायची नाहीत.) पहिल्या बुचात नुसता रंग. त्यातला 1 थेंब दुसऱ्यात, वर पाण्याचे 9, काडीने ढवळायचं. दुसऱ्यातला 1 थेंब तिसऱ्यात. असं सहाव्यापर्यंत. दर बुचाला रंग दहापट पातळ.

पहिला डाव फसला, सहावं बूच गुलाबीच. रंगाचा ड्रॉपर मधे धुतलाच नव्हता. नळीला चिकटलेला रंग पुढे जात राहिला. शिवाय आडवा धरला की थेंब लहानमोठे पडतात. दुसऱ्या डावात ड्रॉपर दरवेळी तीनदा खळबळून घेतला, उभा धरला. चौथ्यात फिकट झाक आली, पाचव्यातली डोळे ताणून दिसली, सहाव्यात स्वच्छ पाणी.

“ह्यात काहीच नाही,” एक पोरगा म्हणाला.

त्याची आई दिवसभर घड जीएच्या, म्हणजे घड वाढवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडच्या, पाण्यात बुडवून आलेली. “टाकीत जीए टाकलेलं तुला दिसतं का? घड लांबतोच ना!”

मग हिशेब तिच्याच टाकीवर मांडला. 10 पीपीएमसाठी (म्हणजे दहा लाखात दहा भाग) 100 लिटरला 1 ग्रॅम जिबरेलिक ॲसिड. 100 लिटर पाणी म्हणजे 1,00,000 ग्रॅम, लाखात एक. सहावं बूचही लाखात एकच. (थेंब आणि ग्रॅम ही मापं वेगळी, पण अंदाजाला चालतं.) त्यावर तिनं आम्हालाच टोकलं: पावडर सरळ पाण्यात टाकली तर नीट विरघळत नाही, आधी स्पिरिटमध्ये विरघळवून घ्यायची. आमच्या तक्त्यात ही पायरी नव्हती. पेनाने लिहून घेतली.

पोरगा अजून सहाव्या बुचाकडेच बघत होता. पुढचं कसलं, त्यानं विचारलं. दहा लाखात एक, म्हणजे 1 पीपीएम. बुचं संपली होती. आईनं आपल्या पाण्याच्या बाटलीचं बूच काढून पुढे सरकवलं.